नशेची कीड : ओळख, फैलाव आणि इलाज



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, आधारभूत केंद्रावर भात घालून घरात चार पैसे आले. आता पौष पौर्णिमेला म्हसा येथील यात्रा आणि तिच्यामागोमाग लग्नसराई. या दिवसांत या पानावर वाल, काकडी किंवा उन्हाळी भेंडीविषयी लिहावयाचे, असा आपला शिरस्ता. परंतु आसनगाव-शहापूरपासून मुरबाड-टोकावड्यापर्यंत कोठेही सभा घ्या, सभा उठल्यावर एखादी ताई मागे रेंगाळते. इतरांची पाठ वळली की हळूच म्हणते, "साहेब, भातावर काय फवारायचं ते सांगितलंत. आमच्या घरधन्याच्या दारूवर काही औषध आहे का?"

औषध आहे. पण ते कसे द्यावे, केव्हा द्यावे आणि कोणाकडून घ्यावे, हे ठाऊक नसल्यामुळे घरेच्या घरे बुडतात. म्हणून या आठवड्यात पिकावरील कीड बाजूला ठेवू आणि घरातील किडीकडे पाहू. ओळख, फैलाव, नुकसान, इलाज हा आपला नेहमीचाच क्रम ठेवू.

लागण किती?

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करविली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयाच्या शंभर माणसांमागे साधारण १४ ते १५ जण दारू पितात, म्हणजे देशात सुमारे १६ कोटी. यांपैकी पावणेसहा कोटींच्या घरात असे आहेत, की त्यांचे पिणे आता त्यांच्या हातात राहिलेले नाही, त्यांना दुसऱ्याच्या मदतीची गरज आहे. गांजा, भांग, चरस घेणारे ३ कोटींहून अधिक, तर अफू आणि गर्दसारखे अफूचे प्रकार घेणारे सव्वादोन कोटी.

या अहवालातील सर्वांत महत्त्वाचा आकडा निराळाच आहे. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी अवघ्या एकाला कसलाही उपचार मिळालेला होता. शिवारातील ३८ खाचरांवर करपा पडला आणि औषध एकाच खाचरात पडले, तर त्या शिवाराचे काय होईल, हे तुम्हांला सांगावयास नको. बाकीच्या ३७ घरांनी काय केले? कोणी लपविले, कोणी मारझोड केली, कोणी शपथा घातल्या, कोणी भगताकडे नेले. दवाखान्यात मात्र नेले नाही.

आपल्याकडील प्रकार

पहिली तंबाखू. हिला आपण नशा समजतच नाही. कामावर असताना चुना-तंबाखूची चिमूट, घरात बायकांची मिश्री, पोरांच्या खिशात गुटख्याची पुडी. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीच्या फळीखाली तो असतोच. अनेक भगिनी दाढ दुखते म्हणून किंवा भूक मारण्यासाठी मिश्री लावू लागतात आणि पुढे दिवसातून पाच वेळा लावल्याशिवाय त्यांचा हात कामाला लागत नाही. घरच्या घरी एक परीक्षा करा. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे उभी आत जातात का पाहा. जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा अथवा न भरणारी जखम असेल, तर दिवस घालवू नका. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचेच काम करीत आहे. सुरुवातीला पकडलेला तोंडाचा कर्करोग बरा होतो.

दुसरी दारू. देशी, विदेशी आणि हातभट्टीची. काळा गूळ, नवसागर आणि मोहाची फुले कुजवून काढलेल्या हातभट्टीत काय काय पडते, याला धरबंध नाही. त्याहून घातक म्हणजे कारखान्यातील मिथिल अल्कोहोल दारू म्हणून विकले जाते तेव्हा. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणीत अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष लगेच कळत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोटात कळा, उलट्या आणि डोळ्यांपुढे धुके अशी लक्षणे दिसतात. "कालची उतरली नाही" असे म्हणून माणसाला निजवून ठेवू नका. तडक रुग्णालयात न्या आणि काय प्यायला ते डॉक्टरांना खरे सांगा. लवकर पोहोचलेल्याचा जीव वाचतो, डोळेही वाचतात.

तिसरी ताडी. ताडाची पहाटे उतरविलेली ताडी वेगळी आणि दुकानात बारमाही मिळणारी पांढरी ताडी वेगळी. ताडाची झाडे मोजकी आणि ताडीची पिंपे मात्र भरपूर, हे गणित जुळते कसे? पाण्यात क्लोरल हायड्रेट नावाची झोपेची पूड आणि सॅकरिन कालवून ते जुळविले जाते. ती पूड अंगवळणी पडली, की माणूस दारूइतकाच बांधला जातो.

चौथा प्रकार औषधाच्या दुकानातला. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध. मालेगावकडे अशा एका गोळीला पोरे 'कुत्ता गोळी' म्हणतात. त्या नावावरूनच काय ते समजावे. अलीकडे व्यायामशाळेत जाणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी काही मुले रक्तदाब घसरलेल्या रोग्याला द्यावयाचे इंजेक्शन दम वाढविण्यासाठी टोचून घेतात. ते हृदयावर घाला घालते. एकच सुई चौघांनी वापरली, की कावीळ आणि एड्सची धास्ती वेगळीच. घरात रिकाम्या बाटल्या, पत्ते किंवा सिरिंजा सापडल्या, तर त्या फेकण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

पाचवा गांजा आणि सहावी 'एमडी', म्हणजे मेफेड्रोन. गांजा कोवळ्या वयात लागला, की शाळा सुटते, कामाची उमेद जाते आणि काहींच्या डोक्यावर परिणाम होऊन भास सुरू होतात. एमडीची पूड झोप उडविते, भूक मारते, संशय वाढविते आणि तरण्याताठ्याचे हृदय बंद पाडू शकते. फेब्रुवारी २०१५ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली आहे.

आणखी एक प्रकार फार लहानांचा आहे. पंक्चरचे सोल्युशन, थिनर, व्हाइटनर फडक्यावर घेऊन हुंगणे. वर सांगितलेल्या पाहणीत हा एकच पदार्थ असा निघाला, की जो मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. मोठ्यांत शेकडा ०.५८, तर मुलांत १.१७. मुलाच्या कपड्यांना रंगाचा वास येतो का, ओठांभोवती पुरळ आहे का, हे आईच्याच नजरेस आधी पडते.

नुकसानीचा हिशेब

पिकावर किती कीड असली म्हणजे औषध मारणे परवडते, याला आम्ही आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतो. घराचाही तसाच हिशेब मांडू.

एखादा गृहस्थ रोज शंभर रुपयांची पितो असे धरा. वर्षाचे झाले ३६,५००. २०२५-२६ च्या खरिपासाठी साध्या भाताचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे त्या माणसाने वर्षात १५ क्विंटलांहून जास्त भात प्यायला. आपल्या भागात एका एकरात एवढे भात काढण्यासाठी राब भाजावा लागतो, पाण्यात वाकून लावणी करावी लागते, बेणणी, कापणी, झोडणी करावी लागते. घरातील बाईमाणसाने पावसाळाभर चिखलात उभे राहून जे पिकविले, ते सगळे बाटलीत गेले. वीस रुपयांची तंबाखू-पुडी रोज धरली, तर तिचेही वर्षाला ७,३०० होतात. म्हणजे आणखी तीन क्विंटल.

हा झाला रोजचा हिशेब. एकरकमी पैशाचा प्रकार याहून वाईट. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. रस्त्यासाठी, गोदामांसाठी, बंगल्यांसाठी जमिनी गेल्या आणि ज्या घराने हजाराची नोट कधी मोजली नव्हती, तेथे लाखांनी पैसा आला. काहींनी त्यातून दुसरी जमीन घेतली, विहीर बांधली, मुलांना शिकविले. काहींच्या दारात मोटार आली, मोटारीमागे मित्र आले, मित्रांमागे बाटली आली. चार वर्षांत पैसा गेला, मोटार गेली. बाटली तेवढी राहिली. जमीन तर आधीच गेली होती.

वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या कातकरी बांधवांची कथा अशीच, फक्त आकडे लहान. दिवाळीनंतर उचल मिळते, तिचा काही भाग तेथेच गुत्त्यावर जातो आणि उरलेले वर्ष ती उचल फेडण्यात जाते. म्हणून बागायतदार आणि भट्टीमालक बंधूंना माझे सांगणे आहे. लावणी-कापणीच्या मजुराला दिवसअखेर 'थोडी पाजणे' हे औदार्य नव्हे. मजुरी रोख द्या, वेळेवर द्या, जमल्यास घरातील बाईच्या हाती द्या.

हा दुर्गुण की रोग?

पुष्कळ जण म्हणतात, "मनात आणले तर सुटेल." सुरुवातीला ते खरे असते. परंतु रोज नशा घेता घेता मेंदू त्या पदार्थाला धरूनच आपला कारभार बसवितो. पूर्वी एका ग्लासात चढायची ती आता तीन ग्लासांत चढत नाही. सकाळी उठल्याबरोबर हात कापतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात. ही खूण पक्की समजा. येथे सवय संपली आणि रोग सुरू झाला. या माणसाला लाज नसते असे नाही. रात्री शपथ घेताना तो खोटे बोलत नसतो. सकाळी शपथेपेक्षा रोग बळकट ठरतो, एवढेच.

लवकर ओळखण्याच्या खुणा अशा. ठरविले त्यापेक्षा जास्त वेळा घेणे. लपवून घेणे. पैशांचा हिशेब न जुळणे, भांडी वा दागिना नाहीसा होणे. जुने मित्र सुटून नवे, रात्रीचे मित्र जमणे. जेवण कमी होणे. मुलगा असेल तर शाळेचे वा कामाचे खाडे आणि विनाकारण संताप. यांतील एकच खूण दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. तीन-चार एकत्र दिसल्या, तर डोळेझाक करू नका.

तिसऱ्या दिवसाचा धोका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती घरातील सर्वांना वाचून दाखवा.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडणे धोक्याचे असते. चढावर भरली गाडी ओढणाऱ्या बैलाचे जोत एकदम तुटले, तर तो तोंडावर आपटतो. दारूच्या ओझ्याखाली राहून मेंदूनेही तसाच उलटा जोर लावलेला असतो. ओझे एकदम निघाले, की पहिल्या दिवशी थरथर, घाम आणि उलट्या सुरू होतात, झोप येत नाही. एक-दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप चढून भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, अंथरुणात साप दिसतात, मेलेली माणसे बोलावतात.

येथेच आपल्याकडे घात होतो. कोणी पंढरीची माळ घालतो, कोणी श्रावण पाळतो, कोणाला भाऊबंद खोलीत कोंडतात आणि तिसऱ्या रात्री तो ओरडू लागला, की घरचे म्हणतात "बाहेरचे लागले". भगत येतो, लिंबू उतरविले जाते, धुरी दिली जाते आणि इकडे रोग्याचा जीव जातो. हे भूत नव्हे. दारू तुटल्याचा हा ठाऊक असलेला आजार आहे. रुग्णालयात त्यावर गोळ्या आहेत, शिरेतून देण्याचे ब-१ जीवनसत्त्व आहे, सलाईन आहे. वेळेवर नेलेला रोगी बहुधा आठवडाभरात शुद्धीवर येऊन घरच्यांना ओळखू लागतो. ताडीतील पूड आणि झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी असाच प्रकार होतो.

तेव्हा माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टरांना भेटा. सोडण्याचा दिवस त्यांच्या सल्ल्याने ठरवा.

दुसरा धोका त्या छुप्या पुड्यांचा. "चहात टाका, नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. दारू सोडविण्यासाठी डायसल्फिरम नावाची एक गोळी खरोखर आहे. ती घेऊन वर दारू प्यायली, की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, प्रसंगी माणूस मरतो. म्हणून डॉक्टर ती रोग्याला सर्व सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. न सांगता कालविलेल्या पुडीत ती असली, तर तुम्ही नवऱ्याला औषध नव्हे, विष देत असता. आणि ती नसली, तर पैसे पाण्यात जातात.

तिसरा धोका तुमच्या-माझ्या रोजच्या वापरातला. ज्या घरात पिणारा माणूस आहे, त्या घरात कीटकनाशक उघड्या फळीवर ठेवू नका. पेटीला कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याकडे ठेवा. रात्रीच्या भांडणात, नशेच्या झटक्यात बाटली हाताशी असली, की दोन मिनिटांत होत्याचे नव्हते होते. तीच बाटली हाताशी नसली, तर ती रात्र निघून जाते. पिणाऱ्यासाठी सांगतो तेवढेच गांजलेल्या घरधनिणीसाठीही सांगतो.

इलाज कोठे?

आपल्या भागात शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. पहिली भेट तेथे द्या. पुढे गरज लागली, तर ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ते १९०१ पासून चालू आहे. त्याच्या नावाला लोक भितात. भिण्याचे कारण नाही. दाताच्या दुखण्याला दाताचा डॉक्टर, तसा मनाच्या दुखण्याला मनाचा. वसईला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र आहे.

पुण्याच्या मुक्तांगणची गोष्ट आपणां मराठी माणसांना ठाऊक असावी. १९८० नंतर मुंबईत 'गर्द' म्हणजे ब्राऊन शुगरची लाट आली. कॉलेजांतील आणि झोपडपट्टीतील पोरे सारखीच बुडू लागली. लेखक अनिल अवचट यांनी त्या पोरांमध्ये हिंडून त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी व सुनीताबाईंनी मोठी देणगी दिली. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण उभे राहिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता यांनी त्याचा पाया घातला. तेथे पाच आठवडे राहावे लागते. पहिले दिवस शरीरातील विष उतरविण्याचे, पुढचे मन सावरण्याचे. दाराला कुलूप लावून कोणाला डांबत नाहीत. रोग्याबरोबर घरच्यांनाही शिकविले जाते. बऱ्या झालेल्या माणसांनीच पुढच्यांना सावरायचे, ही तेथील रीत.

एवढ्याने रोग मुळासकट गेला असे मात्र नाही. लव्हाळा एकदा उपटला म्हणून पुन्हा फुटत नाही का? त्याच्या गाठी जमिनीत राहतात. माणूस सहा महिने कोरडा राहून एखाद्या हळदीला पुन्हा प्यायला, तर "पैसे फुकट गेले" म्हणू नका. पुन्हा बेणणी करा. पुन्हा डॉक्टरांकडे न्या. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला टिकतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका फुकट असतात, नाव-गाव विचारले जात नाही. भजनी मंडळ असो, वारी असो, रेवदंड्याच्या धर्माधिकारी परंपरेच्या बैठका असोत, ज्या संगतीत बाटली नाही ती संगत औषधाइतकीच मोलाची.

घरी बसल्या विचारावयाचे असेल, तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय दूरध्वनी १४४४६ आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही विनामूल्य आहेत. बाईने स्वतः फोन केला तरी चालतो. पिणारा राजी असलाच पाहिजे असे नाही.

जमीन आणि कायदा

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे आणि तो शेतकऱ्यालाही लागतो. तुरीत वा कपाशीत चार झाडे गांजाची लावली तरी ती लागवडच. तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या जमिनीत दुसऱ्याने असे पीक लावल्याचे ठाऊक असून कळविले नाही, तरी जमीनधारक दोषी ठरतो.

त्याहून नवा धोका भाड्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी तयार करणारा कारखाना पोलिसांनी पकडला. मार्च २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी या खेड्यात असाच कारखाना सापडला आणि शंभर किलोंहून अधिक माल निघाला. हे धंदे आता शहरात नव्हे, आडबाजूच्या शेडमध्ये चालतात. महामार्गालगतच्या आपल्या गावांत रिकामे गोठे, कोंबड्यांची शेड, फार्महाऊस पुष्कळ. कोणी अनोळखी माणूस दुप्पट भाडे देतो, लेखी करार नको म्हणतो, रात्री काम करतो आणि रसायनाचा उग्र वास येतो, तर पोलीस पाटलांना कळवा. १९३३ हा अमली पदार्थांची खबर देण्याचा राष्ट्रीय दूरध्वनी आहे. जाणूनबुजून जागा वापरू देणाराही याच कायद्याने शिक्षेस पात्र होतो.

याच कायद्यात एक दिलासाही आहे. जो व्यसनी स्वतःहून शासनमान्य रुग्णालयात उपचाराला जातो आणि उपचार पुरा करतो, त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ बाळगल्याच्या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने मुलाला लपवू नका.

आणि जमिनीच्या रक्षणाचा एक जुना मार्ग. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम चालविला आणि १९९२ मध्ये शासनानेही त्यासाठी परिपत्रक काढले. नवरा राजी असेल, तर तलाठ्याकडे अर्ज करून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. दोन नावे असली, की नशेतील एका सहीने सगळे वावर जात नाही. शुद्धीत असताना, चांगल्या दिवसांत हे करून ठेवावे.

गावाच्या हातात काय आहे?

शहापूर तालुका सगळा आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे. हा अधिकार किती गावांनी वापरला, याचा ज्याने त्याने विचार करावा. इतर गावांसाठी 'उभी बाटली, आडवी बाटली' हा मार्ग आहे. महिला मतदारांनी ठरलेल्या संख्येने सह्या करून मागणी केली, की गुप्त मतदान होते आणि आवश्यक बहुमत आडव्या बाटलीला मिळाले तर दुकान बंद होते.

गडचिरोलीच्या लोकांनी, विशेषतः तेथील आदिवासींनी आणि बायकांनी, वर्षानुवर्षे चळवळ करून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणविली. डॉ. अभय आणि राणी बंग त्यांच्या पाठीशी होते. बंदीनंतरही चोरटी दारू येतच राहिली. म्हणून २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने गावोगाव जागृती, गाव-संघटना आणि उपचार असे तिहेरी काम सुरू झाले. नुसता कायदा म्हणजे कुंपण. कुंपण घातले तरी राखण करावीच लागते.

गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावोगाव हेच सांगितले : कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुलाला शिकवा. तेव्हा या लग्नसराईत निदान एवढे करू या. हळदीला दारूचा खर्च यजमानाने करावयाचा, ही रीत गावाने ठराव करून मोडावी. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू आणावयास दुकानात पाठवू नये. त्याला ती विकणे गुन्हा आहे आणि त्याला नशेचा पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ज्या घरात हा रोग आहे, त्या घराला नावे ठेवू नयेत. नावे ठेवली, की ते घर दार लावून घेते. दार लावले, की उपचार थांबतो.

ज्या ताई सभेनंतर मागे थांबून विचारतात, त्यांना शेवटी एवढेच सांगतो. तुमच्या घरात जे आहे ते तुमचे पाप नव्हे. कोणाला न कळता ते बरेही होणार नाही. या आठवड्यात एक दिवस काढा, गावातील आशाताईंना बरोबर घ्या आणि शहापूरच्या वा मुरबाडच्या रुग्णालयाची पायरी चढा. घरधनी आला तर उत्तम, नाही आला तर तुम्ही जा. इलाजाची सुरुवात तेथूनही होते.

पुढील अंकात उन्हाळी भेंडीचे बियाणे, बीजप्रक्रिया आणि केवडा रोगाविषयी.